एकदा आलेला रक्तदाता परत का येत नाही?

पत्र : आमचं तालुक्याच्या गावातलं तरुण मंडळ तीन वर्षांपासून १५ ऑगस्टला रक्तदान शिबिर घेतं. पहिल्या वर्षी १४० पिशव्या झाल्या, दुसऱ्या वर्षी ११८ आणि यंदा ८३. याद्या ताडून पाहिल्या, तर पहिल्या वर्षीच्या १४० जणांपैकी फक्त १९ जण यंदा आले होते. शेजारच्या मंडळाने प्रत्येक दात्याला हेल्मेट दिलं, त्यांच्याकडे रांग लागली. आम्हीही भेटवस्तू सुरू करावी का? आमचे ज्येष्ठ म्हणतात, लोकांना आता जाणीवच राहिली नाही. बायका तर जवळजवळ येतच नाहीत. काय करावं?
— सचिव, तरुण मंडळ

उत्तर :

सचिव महोदय, नमस्कार.

सगळ्यात आधी एका गोष्टीबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. तुम्ही याद्या ताडून पाहिल्यात. बहुतेक मंडळं किती पिशव्या झाल्या तेवढाच आकडा फलकावर लिहितात. कोण परत आलं आणि कोण आलं नाही, हे कुणी बघत नाही. तुम्ही ते बघितलंत, म्हणून दुखणं कुठे आहे ते तुम्हाला सापडलं.

जाणीव राहिली नाही, हे आम्हाला पटत नाही. पहिल्या वर्षी १४० माणसं काहीही न घेता सुई टोचून घ्यायला आली होती, तेव्हा जाणीव होतीच. मधल्या काळात त्या माणसांना तुमच्याकडून किती फोन गेले? पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे एकही गेला नसावा असं आम्ही धरून चालतो. फ्लेक्स लागला, रिक्षा फिरली, व्हॉट्सॲपवर पोस्टर गेलं. हे सगळं नवीन माणसासाठी असतं. ज्याने एकदा रक्त दिलंय त्याला कुणीतरी नाव घेऊन, तारीख सांगून बोलवावं लागतं.

आता तारखांचा हिशेब मांडू. पुरुषाला दोन रक्तदानांत किमान ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रीला १२० दिवसांचं. १५ ऑगस्टला रक्त दिलेला पुरुष १३ नोव्हेंबरला पुन्हा पात्र होतो, स्त्री १३ डिसेंबरला. तुम्ही मात्र त्यांना थेट पुढच्या ऑगस्टमध्ये हाक मारता. तोवर कुणी कामाला पुण्याला गेलेलं असतं, कुणाचा नंबर बदललेला असतो, कुणाची सवयच मोडलेली असते. रक्तपेढीच्या बाजूनेही पाहा. लाल पेशींची पिशवी त्यातल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकते आणि प्लेटलेट्स पाचच दिवस. १५ ऑगस्टच्या लाल पेशी फार तर २६ सप्टेंबरपर्यंत वापरता येतात. त्या दिवशी जिल्ह्यात सगळीकडेच शिबिरं असतात, पेढ्या तुडुंब भरतात आणि दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद झाली की नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात.

म्हणून आमचा मुख्य सल्ला असा : एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षाला चार लहान शिबिरं घ्या, पण एका दात्याला वर्षातून दोनदाच बोलवा. यादीचे दोन भाग करा. पहिल्या भागाला १५ ऑगस्ट आणि १९ फेब्रुवारी, म्हणजे शिवजयंती. दुसऱ्या भागाला दिवाळीनंतरचा दुसरा किंवा तिसरा रविवार आणि १ मे. अशाने कुणाच्याही दोन रक्तदानांत सुमारे पाच ते सात महिने जातात. पुरुष-स्त्री दोघंही पात्र असतात आणि शरीरातलं लोह भरून यायला पुरेसा वेळ मिळतो. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, लाल पेशींना काही आठवडे लागतात, पण लोहाला काही महिने लागतात. घाईघाईने दर ९० दिवसांनी बोलावलेला दाता वर्ष-दोन वर्षांत हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जातो आणि मग कायमचा तुटतो. १४० माणसं वर्षातून दोनदा आली तर २८० पिशव्या होतात, नवीन एकही माणूस न शोधता. शिवाय तुमची दोन शिबिरं नेमकी टंचाईच्या दिवसांत येतात. १ मेचं शिबिर सकाळी साडेसातला सुरू करून अकराच्या आत संपवा, मांडवात नको, पंख्यांच्या हॉलमध्ये घ्या. शिवजयंतीलाही मिरवणुकीच्या आधी, सकाळीच उरका.

या सगळ्याचा पाया म्हणजे तुमची स्वतःची वही. रक्तपेढीच्या फॉर्मचे फोटो काढून यादी करू नका. त्यात आजारांची आणि खासगी आयुष्याची माहिती असते, ती दाता आणि डॉक्टर यांच्यातच राहिली पाहिजे. नोंदणीच्या टेबलावर वेगळी चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, जन्मसाल, मोबाईल, रक्तगट, फोन कधी केलेला चालेल आणि शेवटी एक प्रश्न : ‘पुढच्या रक्तदानासाठी मंडळाने मला फोन करावा का? हो / नाही’, खाली सही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला फोन करायचा नाही. वहीत किंवा एक्सेलमध्ये याला आणखी चार रकाने जोडा : रक्तदानाची तारीख, पुढची पात्र तारीख, मंडळाकडे कितवं रक्तदान, आणि त्या दिवशी काही त्रास झाला का. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि परत न येण्याची निम्मी कारणं तिथेच लिहिलेली असतात.

मग माणसं वाटून घ्या. मंडळात सात खटपटे कार्यकर्ते असतील, तर प्रत्येकाकडे वीस दाते. शक्यतो आपल्याच आळीतले, आपल्याच ओळखीचे. वीसच्या वर गेलं की फोन राहून जातात. एका रक्तदानामागे दोन फोन करायचे. पहिला तिसऱ्या दिवशी : ‘सुनीलदादा, हात कसा आहे? सुजला-बिजला नाही ना? त्या रात्री चक्कर वगैरे?’ बस, एवढंच. पुढच्या शिबिराचा विषयसुद्धा काढायचा नाही. दुसरा फोन पुढच्या शिबिराच्या आठ-दहा दिवस आधी : ‘तुम्ही १५ ऑगस्टला दिलं होतंत, आता १९ फेब्रुवारीला शिबिर आहे. साडेआठला नाव लिहू की दहाला?’ येणार का, असं विचारलं की ‘बघतो’ असं उत्तर येतं. वेळ विचारली की माणूस वेळ सांगतो, आणि वेळ सांगितलेला माणूस बहुतेकदा येतो. आदल्या संध्याकाळी फक्त एक मेसेज करा : रात्री नीट झोपा, दारू नको, सकाळी नाश्ता करून या, पाणी भरपूर प्या.

तिसऱ्या दिवसाच्या फोनला आम्ही इतकं महत्त्व का देतो ते सांगतो. सुई टोचलेल्या जागी काळं-निळं पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आठ-दहा दिवसांत ते आपोआप जातं. पण घरी आई किंवा बायको तो हात बघते आणि म्हणते, पुन्हा जायचं नाही. त्याच वेळी तुमचा फोन गेला, तर भीती तिथेच विरते. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा सूज वाढत असेल, तर त्याच दिवशी रक्तपेढीच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या. काळं-निळं पडू नये म्हणून शिबिरातच एक गोष्ट पाळता येते. सुई काढल्यावर बहुतेक जण कापूस धरून कोपर दुमडतात. तसं नको. हात सरळ ठेवून, थोडा वर उचलून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं. एक कार्यकर्ता फक्त एवढंच बघायला उभा करा.

चक्कर हे त्याहून मोठं कारण. पहिल्यांदा देणारे, अगदी तरुण, कमी वजनाचे यांना ती जास्त येते, आणि चारचौघांत पडलेला पोरगा सहसा परत फिरकत नाही. रक्त देण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी अर्धा लिटर पाणी प्यायलं की चक्कर येण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून पाण्याचा ग्लास रक्तदानानंतरच्या टेबलावर जसा ठेवता, तसा नोंदणीच्या टेबलावरही ठेवा. खाटेवर असताना पाय एकावर एक ठेवून मांड्या आवळायच्या आणि सोडायच्या, हेही शिकवा. नंतर निदान पंधरा मिनिटं बसवून ठेवा, चहा-बिस्किटं द्या. कधी कधी चक्कर उठल्यावर लगेच न येता थोड्या वेळाने येते, तोवर आपला माणूस मोटारसायकलला किक मारत असतो. गाडीची किल्ली चहाच्या टेबलावर जमा करून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत द्यायची, ही सोपी युक्ती आहे. त्या दिवशी ऊस भरणं, पोती उचलणं नको, हेही सांगा.

उपवासाचा प्रश्न तुमच्या तारखेलाच चिकटलेला आहे. १५ ऑगस्ट बऱ्याचदा श्रावणात येतो. सोमवार किंवा शनिवार असेल, तर उपाशी माणसं खाटेवर येतात, आणि उपाशीपोटी किंवा उपवास धरून रक्त द्यायचं नसतं. अशा दात्याला आग्रह करू नका, दुसऱ्या भागात घाला, नोव्हेंबरला बोलवा. एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे, पंचांग आणि कॅलेंडर समोर ठेवूनच तारखा ठरवा. पेरणीचे दिवस आणि गावची जत्राही त्यात बघा.

रांगेचा हिशेब असा : एका खाटेवर तासाला तीन-चार दाते होतात. पाच खाटा असतील, तर अर्ध्या तासाला आठ नावांपेक्षा जास्त वेळा देऊ नका. पाहुण्यांच्या भाषणासाठी दात्यांना थांबवून ठेवणं तर अजिबात नको. दीड तास ताटकळलेला माणूस तोंडाने काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी येत नाही.

आता परत पाठवलेल्या दात्यांबद्दल. यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागतं. बऱ्याच ठिकाणी ते मोरचुदाच्या निळ्या द्रावणाने बघतात. बोटातला रक्ताचा एक थेंब त्या निळ्या पाण्यात सोडतात, तो पंधरा सेकंदांत तळाशी गेला तर ठीक, वर तरंगत राहिला तर हिमोग्लोबिन कमी. मागे रांगेत उभी असलेली पाच-सात माणसं त्या थेंबाकडे बघत असतात. थेंब वर राहतो, टेबलावरचा मुलगा मोठ्याने म्हणतो, ‘रक्त कमी आहे, चालणार नाही’, आणि समोरचा माणूस मान खाली घालून निघून जातो. तो धडधाकट शेतकरी असतो, गावासमोर आपली शोभा झाली असं त्याला वाटतं. हे टाळायला तपासणीचं टेबल रांगेपासून दूर, पडद्याआड लावा. परत पाठवायचं झालं तर डॉक्टरांनी बाजूला बसवून कारण सांगावं, आणि हातात चिठ्ठी द्यावी : कारण काय आणि कधीपासून चालेल. अंगावर गोंदवलं असेल तर बारा महिने. हिवताप झाला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने. डेंग्यू, चिकुनगुन्या असेल तर सहा महिने. अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील, तर कोर्स संपल्यावर दोन आठवडे. ही तारीख तुमच्या वहीत गेली की तो दाता गमावलेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो. त्यालाही तिसऱ्या दिवशी फोन करा. चहा-बिस्किटं त्यालाही द्या.

हिमोग्लोबिन कमी निघालेल्या माणसाला नुसतं ‘गूळ-शेंगदाणे खा’ सांगून सोडू नका. पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर त्यामागे मूळव्याध, जंत, पोटातला रक्तस्राव असं काहीतरी असू शकतं. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तपासून घ्या. जेवणाबरोबरचा चहा बंद करून तो तास-दीड तास पुढे ढकलला, तरी अन्नातलं लोह जास्त अंगी लागतं. तुमच्या शिबिरामुळे त्याचा आजार वेळेत सापडला, तर तो माणूस तुमच्याशी जन्मभर जोडला जाईल.

बायका येत नाहीत, यात त्यांच्या इच्छेपेक्षा तुमच्या मांडणीचा दोष जास्त आहे. चौकातल्या मांडवात, पुरुषांच्या गर्दीत, रस्त्याच्या बाजूला लावलेल्या खाटेवर कोण झोपेल? एक वेगळं शिबिर बचत गटांच्या बरोबरीने, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या खोलीत, मुलं शाळेत गेल्यावर दहा ते एक या वेळात ठेवा. रक्तपेढीला महिला डॉक्टर किंवा महिला तंत्रज्ञ पाठवायला आधीच सांगा, आडोसा करा. वजन ४५ किलोपेक्षा कमी असेल, पाळी चालू असेल, गरोदर असेल, बाळंतपणाला वर्ष झालं नसेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर घेत नाहीत. हे पत्रकावर आधीच छापा, म्हणजे कुणाला सगळ्यांसमोर विचारावं लागत नाही. ४५ किलोला ३५० मिलिलिटरच घेतात, ५५ किलोच्या वर वजन असेल तरच ४५० घेतात, हेही लिहा. ‘बाटलीभर रक्त काढतात’ ही भीती त्याने कमी होते. पहिल्या वर्षी दहाच जणी आल्या तरी चालेल. त्या दहांतल्या दोघी-तिघींकडे पुढच्या यादीचे फोन सोपवा.

हेल्मेटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या निकालात धंदेवाईक रक्तदान बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून ते देशभर थांबलं. त्यामागचं कारण भेटवस्तूलाही लागू पडतं. ज्याला वस्तू हवी असते तो मागच्या वर्षीची कावीळ लपवतो, मागच्या महिन्यातला हिवताप लपवतो, दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे रक्त दिल्याचं लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि हिवताप अशी तपासणी होते हे खरं. पण संसर्ग अगदी नवा असेल, तर काही दिवस तपासणीतही दिसत नाही. तिथे एकच राखणदार उरतो, तो म्हणजे दात्याचं खरं बोलणं, आणि वस्तू नेमकं तेच विकत घेते. शिवाय हेल्मेटसाठी आलेला माणूस पुढच्या वर्षी मिक्सर देणाऱ्याकडे जातो. प्रमाणपत्र, बिल्ला, पाचव्या-दहाव्या रक्तदानाला गावासमोर सत्कार, एवढं पुरे. सत्कार करताना बायकोला किंवा आईलाही बोलवा, कारण पुढच्या वेळी जायला घरातूनच होकार लागतो. कुणी ‘फुकट एचआयव्ही तपासून मिळेल’ म्हणून येत असेल, तर त्याला सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवा. तिथे ती तपासणी मोफत आणि गुप्त होते.

हेल्मेटवर पैसा घालवण्यापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीवर वेळ खर्च करा. ‘रक्तदात्याचं कार्ड दाखवलं की रक्त फुकट’ असं कुणी दात्यांना सांगितलं असेल, तर तो गैरसमज आजच दूर करा. रक्ताची किंमत नसते, पण पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण यांचं प्रक्रिया शुल्क असतं. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या रुग्णांना ते माफ असतं. दात्याच्या घरी कुणी आजारी पडलं, दवाखान्यातून पिशवी आणायला सांगितली, आणि पेढीच्या खिडकीवर त्याला शुल्क आणि ‘बदली दाता आणा’ हे दोन्ही ऐकायला मिळालं, तर तो आयुष्यभर रक्तदानाचं नाव काढत नाही. मंडळातल्या एकाचा नंबर ‘रात्री-अपरात्री रक्त लागलं तर’ म्हणून प्रत्येक दात्याला द्या. त्या माणसाने पेढीशी बोलायचं, सरकारच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर कुठे साठा आहे ते बघायचं, जमलं तर बरोबर जायचं. शिबिरासाठी पेढी निवडतानाही हेच आधी ठरवून घ्या : आमच्या दात्याच्या घरी गरज पडली तर तुमच्याकडून कोण बोलेल? शिबिरानंतर दीड महिन्याने पेढीकडून तीन आकडे मागा : किती पिशव्यांचे घटक वेगळे झाले, किती रुग्णांना गेल्या, किती मुदतीमुळे वाया गेल्या. ज्या पिशव्या तपासणीत बाद झाल्या त्यांच्या दात्यांची नावं मात्र कधीही विचारू नका. पेढी त्या व्यक्तीशी एकांतात बोलते. पहिले दोन आकडे दात्यांना कळवा. ‘तुमच्या गावच्या इतक्या पिशव्या वापरल्या गेल्या’ हा मेसेज लोक जपून ठेवतात. वाया गेल्या असतील, तर पुढचं शिबिर लहान करा.

निगेटिव्ह गटांचं वेगळं. आपल्याकडे शंभरात साधारण पाचच जण निगेटिव्ह असतात, म्हणजे तुमच्या १४० जणांत सातेक. या साऱ्यांना एकाच दिवशी खाटेवर झोपवू नका. निम्म्यांना शिबिरात बोलवा, निम्म्यांना ऐन गरजेसाठी राखून ठेवा आणि तसं त्यांना मोकळेपणाने सांगा.

व्हॉट्सॲपचा एक बारकावा. दात्यांचा ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दोन महिन्यांत तिथे सुप्रभातचे मेसेज सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादी करा. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो, म्हणून नोंदणीच्या टेबलावरच त्यांच्याकडून मंडळाचा नंबर सेव्ह करून घ्या. ‘तातडीने रक्त हवे’ असा मेसेज टाकताना रुग्णालय, तारीख, वेळ लिहा, आणि गरज भागली की ‘मिळाले, धन्यवाद’ असा दुसरा मेसेज टाकाच. जुने मेसेज फिरत राहिले की पुढच्या खऱ्या हाकेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

सुरुवात कुठून करायची? यंदाच्या ८३ जणांना फेब्रुवारीच्या भागात टाका. पहिल्या वर्षीच्या ज्या १२१ जणांना तुम्ही हरवलंत, ते तुमचे नोव्हेंबरचे दाते. त्यातल्या कुणी दुसऱ्या वर्षी दिलं असलं, तरी ते आता पात्र आहेत. रोज संध्याकाळी सात ते आठ, सात जणांनी चार-चार फोन केले, तर पाच दिवसांत सगळी यादी होते. ‘यंदा का आला नाहीत?’ हा प्रश्न फोनवर विचारू नका, त्यात दोष दिल्यासारखं वाटतं. ‘तुम्ही पहिल्या शिबिरात रक्त दिलं होतं, त्यानंतर आम्ही तुम्हाला एकदाही विचारलं नाही, ती आमची चूक झाली. त्या दिवशी काही त्रास झाला होता का?’ असं म्हणा आणि पलीकडचा माणूस बोलेल ते लिहून घ्या. बरेच नंबर लागणार नाहीत. त्या पत्त्यांवर रविवारी दोघा-दोघांनी जाऊन या. मुलगा पुण्या-मुंबईला असेल तर त्याचा नवा नंबर घ्या, तो दिवाळीला घरी येईल तेव्हा शिबिराची तारीख त्याच्या सुट्टीत बसते का तेही विचारा. आणि ज्या १९ जणांनी तुम्हाला सोडलं नाही, त्यांना एकदा चहाला बोलावून विचारा की ते का येत राहिले. पुढच्या शिबिरात नोंदणीचं टेबल त्यांच्याच हाती द्या.